आपल्याकडे ओके, कस्टमरकडे रिजेक्ट: चार होलची पोझिशन नेमकी कुठे चुकते?

तक्रार दर वेळी त्याच तीन शब्दांत येते: होल पोझिशन आउट. डिस्पॅचच्या आधी जॉब आपल्या टेबलावर तपासलेला असतो. एक्स बरोबर, वाय बरोबर, होलचा व्यास बरोबर, पिन गेज आरामात जातो. आणि चार दिवसांनी लॉट टेम्पोतून परत येतो, सोबत कस्टमरच्या सीएमएमचा, म्हणजे प्रोबने टेकून मापं घेणाऱ्या संगणकी मशीनचा, रिपोर्ट आणि त्यात लाल रंगात पोझिशन ०.२१३ मिमी. मग ऑपरेटर म्हणतो मशीन बरोबर आहे, क्वालिटीवाला म्हणतो माझी मापं बरोबर आहेत, मालक म्हणतात पुन्हा तपासा. पुन्हा तपासून काहीच निघत नाही, कारण दुसऱ्यांदाही त्याच पद्धतीने तपासलं जातं.

मी भोसरीत इन्स्पेक्शनचं काम करतो. कव्हर, फ्लँज, मोटर ब्रॅकेट असली कामं रोज हाताखालून जातात. असे परत आलेले लॉट उलगडून पाहिले तेव्हा बहुतेक वेळा मशीन निर्दोष निघालं, मापही निर्दोष निघालं. चुकलं होतं ते ड्रॉइंगवर होलची पोझिशन किती चुकलेली चालेल हे सांगणारी ती लांबट चौकट वाचण्यात. म्हणून जो भेटेल त्याला मी एकच सांगतो: ती चौकट उजवीकडून वाचा. आकडा सगळ्यात शेवटी.

समजायला एक जॉब घेऊ. ॲल्युमिनियमचं बेअरिंग कव्हर, २० मिमी जाड. खालची बसणारी फेस म्हणजे डेटम ए (डेटम म्हणजे जिथून मोजायचं तो आधार). मधला ६० एच७ चा बोअर (मोठं गोल भोक; एच७ म्हणजे त्याच्या व्यासाचा ठरलेला टॉलरन्स, चालणारी चूक) म्हणजे डेटम बी. एका बाजूला १० मिमी रुंदीचा स्लॉट, तो डेटम सी. शंभरच्या पीसीडीवर, म्हणजे होलचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास १००, चार होल, व्यास ९.० ते ९.२, पंचेचाळीस अंशांवर. म्हणजे बोअरच्या मध्यापासून प्रत्येक होल एक्समध्ये ३५.३५५ आणि वायमध्ये ३५.३५५. ही मापं चौकोनात लिहिलेली. होलच्या बाणाखाली चौकट: पोझिशनचं चिन्ह, मग व्यासाचं चिन्ह लावून ०.२, त्याला चिकटून वर्तुळातला एम, आणि पुढे ए, बी, सी.

आधी विचारा, कुठून?

०.२ म्हणजे किती हा प्रश्न नंतरचा. कुठून मोजायचं हे ए, बी, सी सांगतात, आणि त्याच क्रमाने सांगतात. पहिल्यांदा जॉब ए फेसवर बसला पाहिजे. मग बोअरचा मध्य हा शून्य. मग स्लॉटने जॉबचं फिरणं थांबवायचं. कव्हर प्रत्यक्षात हाउसिंगवर असंच बसतं: फेस टेकते, बोअर बेअरिंगवर येतो, स्लॉटमध्ये की (लोखंडी चावी) जाते. डिझाइन करणाऱ्याने जोडणीचा क्रमच तिथे लिहून दिलेला आहे.

आमच्याकडे एका लॉटमध्ये काय झालं ते सांगतो, कारण ते फार शिकवून गेलं. ब्लँक १२० बाय १२० चा होता, चारही कडा मिलिंग केलेल्या, स्वच्छ. ऑपरेटरने व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) एज फाइंडरने बाहेरच्या दोन कडांवरून झिरो घेतला. सोपं पडतं, रोजची सवय. बोअर आधीच्या सेटिंगला झालेला होता. होल झाल्यावर जॉब इन्स्पेक्शनला आला आणि तिथे हाइट गेजवर मापं घेतली गेली, तीही त्याच कडांवरून. दोघांचे आकडे वीस मायक्रॉनच्या आत जुळले. सगळ्यांना वाटलं, करणारा आणि तपासणारा दोघंही एकच सांगताहेत म्हणजे जॉब पक्का. जुळले ते दोघंही एकाच चुकीच्या ठिकाणाहून मोजत होते म्हणून. कडेपासून बोअरला ±०.१ टॉलरन्स होता, आणि तो सगळाच्या सगळा होलच्या पोझिशनमध्ये शिरला होता. कव्हरच्या बाहेरच्या कडेला हाउसिंगशी काही देणंघेणंच नाही, ती हवेत असते.

तेव्हा तक्रार आली की पहिलं काम हे. सेटिंग शीट बघा, झिरो कुठून घेतला आहे? बोअरला डायल फिरवून मध्य घेतला का? ए फेस खाली टेकली आहे की जॉब उलटा धरला आहे? फेसला बर्र किंवा खाली एखादी चिप राहिली, तर १०० मिमी रुंदीत ५० मायक्रॉनचा तिरकेपणा येतो, आणि तो २० मिमी जाडीच्या होलमध्ये १० मायक्रॉन होऊन उतरतो. पोझिशनच्या आकड्यात ते दुप्पट धरले जातात, म्हणजे ०.२ पैकी ०.०२ नुसत्या न पुसलेल्या फेसने खाल्ले. सीएमएमवरसुद्धा हाच क्रम लागतो. प्रोग्राममध्ये ‘बेस्ट फिट’ करून चार होल आपापसांत बसवून घेतले आणि मग पोझिशन काढली, तर आकडे सुंदर येतात आणि खोटे असतात. डेटम बाजूला सारून काढलेल्या पोझिशनला या ड्रॉइंगवर काहीच अर्थ नाही.

चौकोनातल्या मापांबद्दलही इथेच बोलतो. ३५.३५५ चौकोनात आहे, म्हणजे त्याला स्वतःचा टॉलरन्स नाही. ती नेमकी जागा आहे. पण टायटल ब्लॉकमध्ये आयएसओ २७६८ मीडियम लिहिलेलं दिसतं, ३० ते १२० मिमीला ±०.३ मिळतात हे पाठ असतं, आणि नवा मुलगा तेच इथे लावून मोकळा होतो. चौकोनातल्या मापाला जनरल टॉलरन्स लागत नाही. त्याचा टॉलरन्स चौकटीत आहे.

०.२ ची तार

आता आकडा. व्यासाचं चिन्ह आहे, म्हणजे ०.२ हा व्यास. मी मुलांना असं सांगतो: जिथे होलचा नेमका मध्य हवा तिथे ए फेसवर काटकोनात ०.२ जाडीची तार उभी आहे असं समज. कव्हरच्या जाडीइतकी, २० मिमी उंच. तुझ्या होलचा अक्ष वरपासून खालपर्यंत त्या तारेच्या पोटात लपला पाहिजे. कुठेही बाहेर डोकावला की होल नापास.

तार गोल आहे, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. शॉपमध्ये ०.२ वाचलं की बहुतेक जण ±०.१ करतात. लाल रंगात आलेल्या त्या होलचंच घ्या: एक्समध्ये ०.०८ चूक, वायमध्ये ०.०७. दोन्ही ०.१ च्या आत, म्हणून आपल्याकडे ओके. पण मध्य प्रत्यक्षात किती सरकला? ०.०८ चा वर्ग ०.००६४, ०.०७ चा वर्ग ०.००४९, बेरीज ०.०११३, वर्गमूळ ०.१०६३. हे झालं मध्यापासूनचं अंतर, म्हणजे त्रिज्या. चौकटीत व्यास लिहिलेला आहे, म्हणून दुप्पट: ०.२१३. ±०.१ चा चौकोन काढला तर त्याचे चारही कोपरे तारेच्या बाहेर येतात, आणि हा होल अशाच एका कोपऱ्यात बसला होता.

याच्या उलट चूकही पाहिली आहे. कोणी वर्गमूळ काढतो पण दुप्पट करायला विसरतो, ०.१५ येतात, ०.२ च्या आत म्हणून पास लिहितो. खरी पोझिशन ०.३० असते. रिपोर्टचा एक्सेल कोणीतरी कधीतरी बनवलेला असतो आणि त्या फॉर्म्युल्यात दोनने गुणलंय की नाही हे कोणीच उघडून बघत नाही. आजच उघडून बघा.

मशीनवर सेटिंग करणाऱ्याला वर्गमूळ नको असतं, त्याला सुटसुटीत आकडा हवा असतो. त्याला ±०.०७ द्या. ०.२ च्या वर्तुळात मावणारा सगळ्यात मोठा चौकोन तेवढाच आहे. मात्र त्या आकड्याने जॉब नापास करू नका. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्या चौकोनापेक्षा सत्तावन्न टक्क्यांनी जास्त आहे, आणि ती जास्तीची जागा तुमच्या हक्काची आहे. मुळात ही पद्धत आली तीच अशा हकनाक नापास झालेल्या जॉबमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडोच्या कारखान्यात स्टॅन्ली पार्कर काम करत होते. अधिक-उण्याने नापास ठरलेले भाग जोडणीत व्यवस्थित बसतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि गोल टॉलरन्सचा विचार तिथून पुढे आला.

वर्तुळातला एम

हा एम दिसतो सगळ्यांना, वाचतात थोडे. त्याचा अर्थ: ०.२ हा टॉलरन्स होल सगळ्यात लहान, म्हणजे ९.०० असतानाचा आहे. होल जितका मोठा होईल तितकी पोझिशनला सवलत. ९.०८ चा होल असेल तर ०.०८ बोनस, एकूण ०.२८. ९.२० असेल तर ०.४०. यात मेहेरबानी नाही, साधा व्यवहार आहे: होल मोठा झाला तर त्यात बोल्टला हलायला जागा जास्त, मग होल थोडा सरकला तरी जोडणीला फरक पडत नाही.

बोनस काढताना एक काळजी. सीएमएमने दाखवलेला सरासरी व्यास घेऊ नका. होलमध्ये जाणारा सगळ्यात मोठा पिन घ्या. होल थोडा लंबगोल असला तर सीएमएम ९.०८ दाखवतो आणि ९.०७ च्या वरचा पिन आत जात नाही. बोनस ०.०७ च धरायचा.

याच एममुळे गेज बनवणं सोपं होतं. सगळ्यात लहान होल ९.०, त्यातून ०.२ वजा, ८.८. ए फेस टेकवायची प्लेट, मध्ये बोअरमध्ये घट्ट बसणारा एक्स्पँडिंग प्लग, स्लॉटमध्ये फटीविना बसेल अशी निमुळती की आणि नेमक्या जागी ८.८ चे चार पिन. कव्हर वरून सोडलं, चारही पिन एकदम गेले की पोझिशन पास. वर्गमूळ नाही, वाद नाही. होलचा व्यास मात्र वेगळा तपासावा लागतो, कारण मोठा झालेला होल गेजवर आणखीच खुशीत बसतो. महिन्याला हजार नग असतील तर सीएमएमच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा हे गेज करून घ्या. मी तरी दर वेळी हाच आग्रह धरतो.

कधी बी च्या पुढेही वर्तुळातला एम असतो. तेव्हा बोअर जितका मोठा तितकी सूट मिळते, पण ती चारही होलना मिळून एकत्र सरकायला. ती प्रत्येक होलच्या बोनसमध्ये वेगवेगळी मिळवायची नाही. ही बेरीज केलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत, आणि त्यावर माल पाठवला गेल्याचंही पाहिलं आहे.

आणि चौकटीत ० च्या पुढे एम दिसला तर छपाईची चूक समजून फोन करू नका. होल ८.८ ते ९.२ आणि पोझिशन शून्य असं दिलं, तरी गेजचा पिन ८.८ चाच येतो. फक्त सगळा टॉलरन्स व्यासाच्या हवाली केलेला असतो.

बाण काढून बघा

डेटम बरोबर, हिशोब बरोबर, एम धरला, तरीही होल बाहेर जात असेल तर आता खरंच काहीतरी सरकतंय. इथे नुसता पोझिशनचा आकडा उपयोगाचा नाही, कारण कुठल्या दिशेला हे त्यात दिसत नाही. कागदावर चार होल काढा आणि प्रत्येकाची एक्स-वाय चूक बाण म्हणून मोठी करून दाखवा. चहा पिऊन होईपर्यंतचं काम आहे, पण दोन दिवसांची धावपळ वाचवतं.

चारही बाण एकाच दिशेला असतील तर ऑफसेट चुकला आहे. बोअरचा मध्य पुन्हा घ्या, त्या दिशेला तेवढं दुरुस्त करा, संपलं.

चारही बाण गोल फिरताहेत, जणू चाक थोडं फिरवलंय, असं दिसलं तर स्लॉटची लाइन चुकली आहे. हे ओळखायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण पीसीडी अगदी बरोबर येतो आणि समोरासमोरच्या होलांमधलं अंतरही बरोबर येतं. स्लॉटवर डायल लावताना मध्यापासून ३० मिमीवर ९० मायक्रॉन चुकलात, तर ५० मिमीवरच्या होलमध्ये तेच १५० मायक्रॉन होतात. पोझिशन ०.३०. कोनात ते जेमतेम दहा मिनिटं, डोळ्याला दिसणारच नाही. उपाय म्हणजे स्लॉट आणि होल एकाच सेटिंगमध्ये करणं. तसं जमत नसेल तर फिक्स्चरवर की घट्ट बसणारी द्या, आणि ती झिजली की बदला.

चारही बाण मध्यापासून बाहेर किंवा आत असतील तर पीसीडीच चुकला. एक तर प्रोग्राममधला आकडा, नाहीतर तापमान. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ३८ अंशांवर असलेलं ॲल्युमिनियम तसंच उचलून २० अंशांच्या सीएमएम रूममध्ये लगेच मापलं, आणि सॉफ्टवेअरला तापमान दिलं नाही, तर १०० चा पीसीडी साधारण ४१ मायक्रॉन मोठा दिसतो. ०.२ चा पाचवा हिस्सा नुसत्या घाईत गेला. जॉब निवू द्या.

बाण चार दिशांना चार असतील, प्रत्येक नगाला वेगळे, तर ड्रिल भटकतंय. सेंटर ड्रिल किंवा स्पॉटिंग होतंय का, ड्रिलचं टोक एकसारखं घासलंय का, होल्डरमध्ये रनआउट (फिरताना ड्रिलचं डगमगणं) किती, हे बघा. अशा होलना वर आणि खाली दोन्ही ठिकाणी मापा. वरून ०.१२ आणि तळाशी ०.२६ असा होल मी पाहिला आहे. वरच्या एकाच पातळीवर मापलं असतं तर पास झाला असता.

टॅपच्या होलना तळापेक्षा वरच्या हवेतली चिंता जास्त. आटे तिरके असले की बोल्ट वर निघतो तोही तिरका, आणि कव्हरच्या होलला घासतो. म्हणून ड्रॉइंगवर वर्तुळातला पी आणि एक उंची दिलेली असते. तेव्हा तार होलच्या आत नसते, फेसच्या वर त्या उंचीपर्यंत उभी असते. टॅपमध्ये थ्रेडेड पिन बसवून बाहेर आलेला भाग मापायचा.

एकाच चिन्हाखाली दोन ओळी असतील, वर ०.५ ए बी सी आणि खाली ०.१ फक्त ए, तर वरची ओळ अख्ख्या पॅटर्नची जागा बांधते आणि खालची चार होलचं आपापसातलं नातं. खालच्या ओळीला मात्र पॅटर्न सरकवून, फिरवून बसवण्याची मुभा आहे. तिथे बी आणि सी वरून मापलं तर चांगला माल फुकट जातो.

टायटल ब्लॉकमध्ये एएसएमई (अमेरिकी मानक) आहे की आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) हेही बघून ठेवा. एएसएमई वाय१४.५ मध्ये चार होल एका चौकटीखाली दिले की ते आपोआप एक पॅटर्न म्हणून बांधलेले असतात. आयएसओ ५४५८ च्या २०१८ च्या आवृत्तीपासून तसं नाही. सीझेड (कंबाइन्ड झोन, म्हणजे सगळे होल एकत्र बांधलेले) लिहिलेलं नसेल तर प्रत्येक होल स्वतंत्र. आपल्या ए, बी, सी असलेल्या जॉबला फरक पडत नाही, कारण तीन डेटमनी सगळंच जखडलेलं आहे. पण सी नसेल, फक्त ए आणि बी असतील, तर दोन होलमधला कोन बांधलेला आहे की नाही हे त्या दोन अक्षरांवर ठरतं. शंका असली तर कोट देण्याआधी लेखी विचारून घ्या.

आकड्याबद्दलही विचारायला लाजू नका. एम८ बोल्ट आणि ९.० चं होल, दोन्ही भागांत आरपार असेल तर हिशोबाने प्रत्येक भागाला १.० पर्यंत पोझिशन चालते. एका भागात आटे असतील तर दोघांना मिळून १.०, म्हणजे अर्धं-अर्धं वाटलं तर ०.५. मग ०.२ कशासाठी? कधी कारण असतं, कधी जुन्या ड्रॉइंगवरून उतरवलेलं असतं. एका जॉबला आम्ही हा हिशोब मांडून विचारलं आणि पुढच्या रिव्हिजनला ०.४ आलं.

आता ते लाल ०.२१३. कस्टमरकडून मी रिपोर्टचा सारांश न घेता कच्चे आकडे मागवले: प्रत्येक होलचा एक्स, वाय, व्यास आणि अलाइनमेंट कशावर केलं ते. अलाइनमेंट ए, बी, सी वर बरोबर होतं. चूक आम्हाला वाटत होती तिथे नव्हतीच. आमचा ±०.१ चुकीचा होता हे खरं, पण त्यांच्या प्रोग्राममध्ये एम टाकायचा राहिला होता. त्या होलमध्ये ९.०८ चा पिन जात होता, म्हणजे ०.२८ पर्यंत मुभा. मेलमध्ये एवढंच लिहिलं: होल क्रमांक, पिनचा व्यास, अनुमत ०.२८, प्रत्यक्ष ०.२१३, आणि ड्रॉइंगवरच्या चौकटीचा फोटो. लॉट दुसऱ्या दिवशी स्वीकारला गेला, तीन नग सोडून.

त्या तीन नगांत होल ९.०१ चे निघाले. मुभा ०.२१, प्रत्यक्ष ०.२१३. तीन मायक्रॉनसाठी नापास, आणि ते बरोबरच होतं. ते परत आणले आणि चारही होलमधून ९.१ चा रीमर (तयार होल थोडा मोठा करणारं टूल) फिरवला. रीमर आहे त्या होलच्या मागे जातो, मध्य तिथेच राहिला, व्यास ड्रॉइंगच्या आत राहिला आणि मुभा ०.३० झाली. ८.८ च्या पिनांवर तिन्ही कव्हर हाताने दाबावीही न लागता बसली.